आडव्या सिलिंडरचा दात

सिग्नल सुटायला अजून बावीस सेकंद होती तेव्हा तो आवाज तिला पहिल्यांदा ऐकू आला. टिक. मग जरा थांबून पुन्हा टिक. शेजारची बस घरघरत होती, मागचा टॅक्सीवाला उगाचच हॉर्नवर हात ठेवून बसला होता, आणि तिची स्वतःची गाडी म्हणजे काही मुकी बाहुली नव्हती. त्या जुन्या इटालियन मोटरसायकलचा क्लच उघडा होता आणि गाडी उभी असली की तो पत्र्याच्या डब्यात चमचे हलवल्यासारखा वाजायचा. अठरा वर्षांत किती लोकांनी काच खाली करून तिला सांगितलं होतं, मॅडम, इंजिन गेलंय तुमचं. ती हसून मान हलवायची. इंजिनाला काही झालेलं नसायचं, ते तसंच होतं. आणि आज, खरोखरच काहीतरी झालेलं असताना, कोणी काच खाली केली नाही. सगळे आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून बसले होते. टिक. दोन सिलिंडरपैकी जो पुढच्या चाकाकडे तोंड करून आडवा पडलेला असतो, त्याच्यातून तो आवाज येत होता. कानाला तो जेमतेम लागत होता. तिला तो जाणवला डाव्या बाजूच्या शेवटच्या दाढेत. सिग्नल हिरवा झाला, लोक तिला वळसा घालून पुढे गेले, एकाने जाता जाता काहीतरी ठेवणीतलं ऐकवलं, आणि ती मात्र क्लच दाबून तशीच उभी राहिली.

दाढेत आवाज जाणवणं तिच्या बाबतीत नवलाचं नव्हतं. सव्वीस वर्षं ती दातच बनवत आली होती. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवायचे, ती त्यांत प्लॅस्टर ओतायची, मेणाचा दात घडवायची, त्याचा धातूचा करायची, वर पोर्सिलेनचे थर चढवायची आणि डबीत घालून परत पाठवायची. तोंडं तिने कधी पाहिली नाहीत. पण शहरभर तिचे दात हसत होते, जेवत होते, खोटं बोलत होते, नवऱ्यावर चावल्यासारखे ओरडत होते. वरचा आणि खालचा दात कुठे आधी टेकतो हे बघायला निळा कागद असतो, केसाहून कितीतरी पातळ. तो कागद ओढताना बोटाला अडकला की तिला कळायचं, इथे जास्त आहे, इथे कमी आहे. माप घेण्याआधी बोटांनाच ते समजलेलं असायचं. हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय, असं तिला वाटायचं. एखाद्याचा हात उंच फळीपर्यंत पोहोचतो, तितकंच ते.

गाडी मात्र दुसऱ्याच्या हातातली होती. नावावर तिच्या, ताब्यात काकांच्या. काकांना सगळं शहर काका म्हणायचं. त्यांच्या लांबोडक्या, एका खिडकीच्या वर्कशॉपमध्ये फक्त इटालियन गाड्या यायच्या, आणि शहरात तशा उरल्या होत्याच मोजून चार. एकतीस वर्षांची असताना तिने ही पिवळी गाडी घेतली तेव्हा ती आधीच जुनी होती. काकांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "बाई, तुम्ही चालवा, मी बघतो. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही." तिने अठरा वर्षं ते पाळलं. चेनला तेल द्यायची, काच पुसायची, टायरमधली हवा बघायची. बाकी दर दोन वर्षांनी सकाळी गाडी नेऊन ठेवायची आणि दाराजवळच्या स्टुलावर बसून लांबून बघायचं. टाकी उतरायची, बेल्ट निघायचे, झाकणं निघायची, आत काहीतरी चकाकायचं, आणि नेमकी त्याच वेळी काकांची पाठ मध्ये यायची. कधी मिळेल विचारलं की काका न वळता म्हणायचे, "झाली की फोन करीन." ती पाठ तिला तोंडपाठ होती.

त्या मंगळवारी ती सिग्नलवरून सरळ तिकडेच गेली. काकांनी गाडी चालू ठेवून मान तिरकी केली, डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"आडव्याचा एक्झॉस्ट," ते म्हणाले. "मिटवणारी शिम झिजली."

"मग बदलायची."

"कशाने? या मापाची माझ्याकडे नाही. कंपनीने बंद करून दहा वर्षं झाली. आणि असती, तरी..." त्यांनी उजवा हात तिच्यासमोर धरला. बोटं वाऱ्यावरच्या पानांसारखी थरथरत होती. त्यांनी तो हात एवढा वेळ फडक्याखाली का ठेवला होता, ते तिला आत्ता कळलं. "बसवणार कोण?"

बाकीच्या गाड्यांत व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग त्याला मिटवते, इतका साधा कारभार असतो. या गाडीच्या जन्मदात्यांचा स्प्रिंगवर विश्वास नव्हता. इथे एक रॉकर, म्हणजे झुलता दांडा, व्हॉल्व्हला ढकलून उघडतो आणि दुसरा ओढून मिटवतो, आणि ओढणाऱ्याच्या आणि व्हॉल्व्हच्या मध्ये शर्टाच्या बटणापेक्षा लहान अशी एक पोलादी टोपी असते, ती शिम. ती झिजली की फट वाढते. फट वाढली की टिक. आणि ती वाढू दिली की एके दिवशी व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही, वर येणारा पिस्टन त्याच्यावर आपटतो, आणि मग ते इंजिन वजनावर विकायचं. हे सगळं तिला माहीत होतं. काकांच्या पाठीमागे बसून माणूस एवढं तर शिकतोच.

"बाई, ऐका माझं," काका म्हणाले. "महिनाअखेर मी हे बंद करतोय. माझ्यानंतर हिला हात लावणारं कोणी नाही. एक डोळ्यांचे डॉक्टर आहेत, गाड्या जमवतात. घरात काचेची भिंत केलीय, त्यामागे उभ्या करतात. शनिवारी सकाळी त्यांना घेऊन येतो. चांगल्या घरी पडेल."

चांगल्या घरी पडेल! जशी काही लग्नाची मुलगीच. तिला चीड आली, पण ती चीड काकांच्या हातावरून घसरून गेली. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. हेल्मेट घातलं आणि दुसऱ्या गिअरमध्ये, बाळंतिणीला न्यावं तशी गाडी घरी आणली.

नवरा हवामान खात्यात होता. दिवसभर ढगांचे फोटो बघायचे आणि संध्याकाळी बायकोला सांगायचं की उद्या काही सांगता येत नाही, असा त्याचा दिनक्रम. गाडीवर मागे बसताना तो दोन्ही हातांनी तिची कंबर धरायचा आणि पोहोचेपर्यंत एक अक्षर बोलायचा नाही. गाडीला तो माझी सवत म्हणायचा. त्याला सगळं सांगून झालं तेव्हा तो म्हणाला, "देऊन टाक ना गं. माझ्या पाठीला तरी सुटका." हे तो नेहमीसारखं गमतीत म्हणाला होता. पण ती उठून स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, आणि काही धुवायला नव्हतं म्हणून हातच धूत राहिली. पन्नाशीला आलेल्या बाईने एका यंत्रासाठी रडावं? पण ते यंत्रासाठी नव्हतं, हे तिचं तिलाच कळेना असं नव्हतं. काचेच्या मागे उभी असलेली पिवळी गाडी तिला दिसत होती, आणि काचेच्या अलीकडे स्टुलावर बसलेली ती स्वतः. आयुष्यात एकच वस्तू आपण हट्टाने घेतली, अठरा वर्षं तिच्यावर बसलो, आणि तिच्या आत काय आहे हे आपण एकदाही बोट लावून पाहिलं नाही. मग ती आपली होती कधी?

सात वर्षांची असताना तिने एकदा एक यंत्र उघडलं होतं. आईचं शिलाई मशीन. आई बाहेर गेली होती, आणि सुई वर-खाली कशी होते हे बघायचं होतं, बस्स. स्क्रू एका ओळीत मांडले, सगळं बघितलं, सगळं पुन्हा जोडलं, आणि एक स्क्रू उरला. तो कुठला, ते काही केल्या आठवेना. तिने तो गादीखाली सरकवला. संध्याकाळी आईने पायडल मारलं, आतून काहीतरी कडकडलं आणि मशीन अडलं. आई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं मशीनवर कापड घातलं आणि नंतर कितीतरी वर्षं फ्रॉकच्या कडा हाताने शिवल्या, संध्याकाळी दिव्याजवळ सरकून, डोळे बारीक करून. त्या एकेका टाक्याचं माप मुलीच्या मनावर बसलं. पुढे ती घड्याळाचा सेलसुद्धा दुकानात जाऊन बदलून घ्यायची. माणसाला वाटतं आपल्याला अमुक गोष्टीत रस नाही. खरं तर कधीतरी एक स्क्रू उरलेला असतो.

बुधवारी सकाळी तिने दातांच्या दोन डॉक्टरांना फोन करून त्यांचं काम आठवडाभर पुढे ढकललं. तिची प्रयोगशाळा राहत्या इमारतीतच तळमजल्यावर होती: दोन टेबलं, गॅसचा बर्नर, भट्टी, धातू ओतायचं गरगर फिरणारं यंत्र, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर दीडेकशे प्लॅस्टरचे जबडे. तिने मोटरसायकल ढकलत आत आणली आणि मधोमध उभी केली. जबडे वरून बघत होते. नवरा ऑफिसला निघता निघता दारात थांबला.

"काय करतेस?"

"उघडते."

त्याने तिच्याकडे बघितलं, मग गाडीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. सत्तावीस वर्षांच्या संसारात माणसाला काही गोष्टी विचारायच्या नसतात हे कळतं. त्याने ऑफिसला फोन लावला आणि पोट बिघडल्याचं सांगितलं. मग बॅग ठेवून टॉर्च उचलला. "मी धरतो," तो म्हणाला. "पण मला नावं सांगू नकोस त्या भागांची, मला चक्कर येते."

टाकी उतरली. बेल्टवर तिने पांढऱ्या रंगाने खुणा केल्या, दोन वेळा, आणि तिसऱ्यांदा पुन्हा बघितल्या. प्रत्येक स्क्रू ती दाताच्या डबीत ठेवत होती आणि डबीवर पेशंटच्या नावाच्या जागी त्याची जागा लिहीत होती. झाकण निघालं आणि आत पहिल्यांदाच कोणाची पाठ नव्हती. सोनेरी तेलाने माखलेले दोन रॉकर, एकाच्या कुशीत दुसरा, आणि मध्ये ती टोपी. किती छोटं होतं सगळं! अठरा वर्षं तिला वाटत होतं की आत काहीतरी अवाढव्य, रागीट असं आहे. आणि हे तर एका बंद मुठीत मावेल असं, नीटनेटकं, जवळजवळ लाजाळू होतं. दाढेएवढं. तिने पात्यांच्या गेजमधलं पातं फटीत सरकवलं. जिथे पातं अडकायला हवं होतं तिथे ते मोकळं गेलं. मग त्याहून जाड, मग त्याहूनही जाड. फट पाव मिलिमीटरपर्यंत गेली होती. म्हणजे काकांचं निदान अचूक होतं. हात गेले तरी कान शाबूत होते.

शिम काढायची तर तिला धरून ठेवणाऱ्या दोन अर्ध्या कड्या काढाव्या लागतात, तारेच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. कड्या निघाल्या की व्हॉल्व्हला धरणारं कोणी राहत नाही. पिस्टन वर आणून ठेवलेला नसेल तर व्हॉल्व्ह सुळकन आत पडतो आणि अख्खं इंजिन फोडावं लागतं. तिने पिस्टन वर आणला. खात्री केली. मग पुन्हा खात्री केली. आजूबाजूच्या प्रत्येक भोकात कापड कोंबलं. चिमट्याने पहिली कडी धरली, आणि ती उडाली.

"पडली," नवरा म्हणाला.

"हलू नकोस."

गादीखालचा स्क्रू तळव्याला टोचत होता, बेचाळीस वर्षं झाली तरी. टॉर्चचा उजेड कापडावरून हळूहळू सरकला आणि एका सुरकुतीत काहीतरी चमकलं. तिने चिमट्याने ती कडी उचलली, डबीत ठेवली आणि डबीवर लिहिलं. दुसरी कडी निघाली. शिम तिच्या तळहातावर आली, खालून झिजून आरशासारखी झालेली. ती तिने बोटांत फिरवली. आणि त्या क्षणी, पूर्ण अनपेक्षितपणे, तिला हसू फुटलं, कारण तिच्या बोटांनी तिला सांगितलं की हे तर आपलंच काम आहे. हा दात आहे. एका खुंटावर बसवायची धातूची टोपी. अशा तिने आजवर किती केल्या असतील?

दुकानात मिळत नाही तर करायची. इतकं सोपं! साच्याची गुलाबी लगदी तिने कालवली आणि लोकांच्या जबड्यांचा घेतात तसा व्हॉल्व्हच्या टोकाचा साचा घेतला. "आ करा," नवरा गाडीला म्हणाला. साच्यात प्लॅस्टर ओतलं, त्या प्लॅस्टरच्या खुंटावर मेणाची टोपी घडवली, तळ मुद्दाम जाड ठेवला, नंतर घासून मापात आणता यावा म्हणून. धातू निवडताना तिने क्षणभरही विचार केला नाही. कोबाल्ट-क्रोम, ज्याच्यावर माणसं तीस-तीस वर्षं चावतात, रात्री झोपेत करकरा दात खातात आणि ज्याला ओरखडा उठत नाही. गुरुवारी दुपारी भट्टीत मेण वितळून गेलं, फिरत्या यंत्रात लाल धातू त्या रिकाम्या जागेत शिरला, आणि चार वाजता तिच्या हातात शिम होती. तिने ती काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासली, आठचा आकडा गिरवत, मोजत, घासत, मोजत. तळ असा चकाकत होता की त्यात तिला स्वतःचं नाक दिसलं. तिने ती अलगद व्हॉल्व्हवर बसवली.

आणि ती डुगडुगली.

जरासंच. दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं. कड्या बसवून तिने पातं सरकवलं तर एका बाजूने ते अडकत होतं आणि दुसऱ्या बाजूने जात होतं. तिने पुन्हा बसवली. पुन्हा डुगडुगली. नवरा वर चहा करायला गेला होता. जबडे सगळे तोंड उघडे टाकून बघत होते. ती फरशीवर बसली. झालं. बाई दात करते, दातच करावेत. काकांनी चाळीस वर्षं जे हातांनी केलं ते तीन दिवसांत करायला निघाली. शनिवारी डॉक्टर येणार आणि गाडी त्यांना उघड्या पोटाने द्यावी लागणार, डब्यांसकट, प्रत्येक डबीवर तिच्या अक्षरात नाव. तिला आईचं ते कापड आठवलं, निळ्या चौकड्यांचं. तिने डोक्याला हात लावला आणि समोरच्या टेबलावरच्या प्लॅस्टरच्या खुंटाकडे उगाचच बघत राहिली. खुंट निळा होता. निळा का? कारण त्याला तिने निळं वार्निश लावलं होतं. दोन हात. कधी लावलं? आठवत नव्हतं. लावलं असं काही नव्हतंच, ते लागलं होतं. सव्वीस वर्षं प्रत्येक खुंटाला तिचा हात निळ्या वार्निशचे दोन हात देतो, दात आणि खुंट यांच्या मध्ये सिमेंटला जागा राहावी म्हणून. दात चिकटवायचा असतो ना! इथे कोण सिमेंट लावणार होतं? व्हॉल्व्हला?

ती हसायला लागली. फरशीवर बसल्या बसल्या, एकटीच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नवरा दोन कप घेऊन दारात आला आणि घाबरून उभाच राहिला. "काय झालं गं?" तिने नुसतं खुंटाकडे बोट दाखवलं. तिच्या हाताला तिचं काम इतकं येत होतं की त्याने तिला न विचारताच चूक केली होती. ही चूक शहरात दुसरा कोणी करूच शकला नसता. आणि जी चूक कुठली ते कळलं, तिला भ्यायचं काय? गादीखालच्या त्या स्क्रूची जागा तिला कधी सापडली नव्हती, हीच तर सगळी भानगड होती. चहा तिने उभ्यानेच प्यायला आणि नवा साचा कालवायला घेतला.

शुक्रवारची शिम बसताना आवाज झाला नाही. ती नुसती बसली, जशी चांगली माणसं बसतात, खुर्ची न ओढता. तिने तळ घासत घासत मापात आणला. शेवटी मोजणं सोडून दिलं आणि निळा कागद घेतला. शिम आणि रॉकर यांच्या मध्ये तो ओढला. तो अडकला, आणि मग सुटला, अगदी जितका सुटायला हवा तितका. तिची बोटं म्हणाली, बस. मग गेजने पडताळलं. गेज बोटांशी सहमत होता. संध्याकाळ व्हायच्या आत झाकणं बसली, बेल्ट खुणांवर आले, टाकी चढली. डब्या एकेक करून रिकाम्या झाल्या. शेवटची डबी तिने उपडी करून टेबलावर आपटली. काही पडलं नाही.

शनिवारी सकाळी नऊ वाजता तिने गाडी अंगणात आणली. नवरा जिन्यात, तीन पायऱ्या वर, म्हणजे काही उडालंच तर लागणार नाही अशा बेताने उभा. तिने बटण दाबलं. इंजिन एकदा फिरलं, दोनदा फिरलं, काहीच झालं नाही, आणि तेवढ्यात तिच्या डोक्यातून शंभर गोष्टी धावून गेल्या, बेल्टचा एखादा दाता, एखादी नळी, राहून गेलेलं एखादं फडकं. तिसऱ्यांदा त्याने ढेकर दिल्यासारखा आवाज केला आणि धडधडायला लागलं. उभा, आडवा, उभा, आडवा. क्लचचे चमचे वाजायला लागले. तिने आडव्याच्या अंगावर वाकून दाढा एकमेकींवर दाबल्या आणि वाट बघितली. दाढेत काही नव्हतं. फक्त ती धडधड, गोल, भरलेली, तळव्यांतून वर छातीत येणारी. तिने थ्रॉटल दिला. गाडीने ओरडून उत्तर दिलं, दुसऱ्या मजल्यावरची खिडकी धाडकन बंद झाली, आणि तिला इतका आनंद झाला की तिने नवऱ्याला तीन पायऱ्या वर जाऊन मिठी मारली, तेलाच्या हातांनी, त्याच्या पांढऱ्या शर्टावर.

काका आणि डॉक्टर आले तेव्हा गाडी अजून चालूच होती. डॉक्टर सभ्य गृहस्थ होते, हळू बोलणारे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "सुंदर आहे. आतलं तेल वगैरे आधी काढून घ्यावं लागेल, घरची फरशी पांढरी आहे." काका जागच्या जागी थांबले होते. मग पुढे झाले, खिशातून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचं टोक आडव्या सिलिंडरच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. हात थरथरत होता, पण कानाला टेकल्यावर थांबला. ते खूप वेळ ऐकत राहिले.

"कुठून आणली?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"केली."

"कशाची?"

"दाताची."

काकांनी डोळे उघडले. तिने पहिली, वाया गेलेली शिम त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली, तळ बघितला, नखाने खाजवून पाहिला.

"ही का नाही घातली?"

"सैल झाली. सिमेंटला जागा सोडली मी."

ते असे हसले की त्यांना खोकला आला. "मी पहिल्यांदा उघडलं ना," ते खोकत म्हणाले, "तेव्हा व्हॉल्व्ह आत पडला होता. मालकाला वीस दिवस सांगत होतो, पार्ट यायचाय." अठरा वर्षांत त्यांनी तिला हे कधी सांगितलं नव्हतं. स्टुलावर बसलेल्या माणसाला कोण सांगतं?

"मग," डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले, "आपण बोलायचं का?"

"नाही," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. त्यापुढे काही जोडावं असं तिला वाटलं नाही, माफी नाही, कारण नाही. इतका छोटा शब्द तोंडात इतका नीट बसल्याचं तिला आठवत नव्हतं.

"बाई नाही म्हणतायत, साहेब," काकांनी त्यांना समजावलं, जसं काही ते दुसऱ्याच भाषेतून सांगत होते. डॉक्टर जरा हिरमुसले, गाडीच्या टाकीवरून एकदा हात फिरवला आणि फाटकाबाहेर जाऊन त्यांच्या ड्रायव्हरला हाक मारू लागले. काका मागे रेंगाळले. त्यांनी शिम खिशात घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली.

"माझ्याकडे ती काळी उभी आहे," ते शेवटी म्हणाले. "बँकेतल्या एका गिऱ्हाइकाची. चारही व्हॉल्व्ह करायचेत. मी जवळ बसेन, बोलेन, पण हात..." ते थांबले. हात त्यांनी या वेळी लपवला नाही. "घ्याल का?"

तिने गाडी बंद केली. अंगण एकदम शांत झालं. काकांची पाठ तिने अठरा वर्षं पाहिली होती. समोरून, असं वाट बघताना, ती त्यांना पहिल्यांदा बघत होती.

"घेते," ती म्हणाली. "सोमवारी आणून सोडा."

"आणि कधी देणार करून?"

फडक्याने बोटं पुसत तिने एकदा त्या बंद इंजिनाकडे बघितलं, मग काकांकडे.

"झाली की फोन करीन," ती म्हणाली.